पाहुण्याने केव्हा उठावे?



या व्यासपीठावरून माझ्याआधी पुष्कळ विद्वान बोलून गेले आहेत. मी विद्वान नाही. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर माझे वडीलही गिरणीबाहेर आले, ते पुन्हा आत गेलेच नाहीत. बिऱ्हाड गुंडाळून आम्ही पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो आणि माझी शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात, कारखान्यातली पाळी संपल्यावर, शिपाई दिवे मालवीपर्यंत झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात शास्त्र कमी आणि अनुभव जास्त आढळला, तर आपण तो गोड मानून घ्यावा.

मी विषय कळवला तेव्हा चालकांपैकी एक गृहस्थ जरा बिचकलेच. म्हणाले, "अहो, तुम्ही कामगारांत वावरणारे. मिशनऱ्यांच्या परदेशप्रवासाशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. मी ख्रिस्ती नाही, आणि धर्माच्या वादात पडण्याची मला हौस नाही. परंतु विचार करून पाहा: कोणी बोलावलेले नसताना लोकांच्या दारात जाऊन "तुमचे भले कशात आहे ते मी सांगतो" असे म्हणणारे दोन प्रकारचे लोक या जगात आहेत. एक धर्मप्रचारक आणि दुसरा युनियनवाला. दोघांनाही कुत्री भुंकतात, आणि दोघांनाही पहिला प्रश्न एकच विचारला जातो, "यात तुमचा काय फायदा?" म्हणून त्यांची हकीकत मी एका समव्यवसायी माणसाच्या नजरेने वाचली. तीतून जे शिकलो तेच आज आपणांपुढे ठेवणार आहे.

हकीकत आपल्या दाराशीच घडलेली आहे. १८१० साली अमेरिकेत परदेशी मिशन पाठविणारे एक मंडळ स्थापन झाले. बोस्टन हे त्याचे ठिकाण. १८१२ च्या फेब्रुवारीत सेलम आणि फिलाडेल्फिया या बंदरांतून दोन जहाजे निघाली. त्यांवर पाच तरुण मिशनरी आणि त्यांच्यापैकी तिघांच्या बायका होत्या. कलकत्त्याला उतरतात न उतरतात तोच कंपनी सरकारने त्यांना चालते होण्यास फर्मावले. त्याच वर्षी इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपल्यामुळे संशयात आणखी भर पडली. सॅम्युएल न्यूएल आणि त्याची पत्नी हॅरिएट मॉरिशसकडे निघाली. वाटेत समुद्रावरच ती बाळंत झाली, मूल पाच दिवसांनी गेले, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस बेटावर तीही गेली. तिचे वय एकोणीस वर्षांचे होते. ज्या देशात काम करावयाचे म्हणून ती घर सोडून निघाली, तेथे तिला काम म्हणून करताच आले नाही.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला येऊन पोहोचले. येथेही त्यांना इंग्लंडला पाठवून देण्याचा हुकूम होता. अर्जविनंत्या झाल्या. एकदा तर ते जहाजात बसून गुपचूप कोचीनपर्यंत गेले आणि तेथून त्यांना परत आणण्यात आले. अखेर राहू दिले गेले, आणि महाराष्ट्रातल्या अमेरिकन मराठी मिशनला सुरुवात झाली. हॉल मराठी शिकला, वेशीवर, देवळापुढे, बाजारात उभा राहून बोलू लागला. न्यूएल १८२१ साली मुंबईत पटकीने गेला. हॉल १८२६ साली नाशिककडून परतताना वाटेतच पटकीने गेला. तेव्हा त्याला बेचाळिसावे वर्ष चालू होते. तेरा वर्षांत त्याच्या पदरी म्हणण्यासारखे धर्मांतर जवळजवळ पडलेच नव्हते.

येथे एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो. हे लोक आपला धर्म खोटा आणि त्यांचा खरा, असे मानून आले होते. आपल्या पूर्वजांना त्यांचा राग आला तो उगीच नव्हे. त्यांचा त्याग मोठा होता म्हणून त्यांचे म्हणणे बरोबर ठरत नाही. त्यागाने माणसाची कळकळ सिद्ध होते, मत सिद्ध होत नाही. ही गोष्ट मला माझ्या व्यवसायात फार उशिरा कळली. चार वेळा तुरुंगात जाऊन आलेला पुढारी वाटाघाटीत चूक करीतच नाही, अशी आमच्यात एक समजूत असते, आणि तिच्यापायी किती कामगार देशोधडीला लागले हे मी घरीच पाहिले आहे.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. हॉलच्या मागून बरेच मिशनरी आले. १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा निघाली, १८२६ साली नव्या कराराचे मराठी भाषांतर छापून पुरे झाले, १८३१ साली नगरला ठाणे झाले, १८४२ साली तेथे 'ज्ञानोदय' निघाले. बंगले झाले, शाळा झाल्या, छापखाना झाला. पण चाळीस वर्षे लोटली तरी ख्रिस्ती मंडळी अगदी थोडी, आणि जी होती त्यांतले पुष्कळजण मिशनच्या पगारावर. शिक्षक मिशनचा, उपदेशक मिशनचा, राहण्याची खोलीसुद्धा मिशनची. मिशनरी आजारी पडून मायदेशी गेला की सगळे थबके.

बोस्टनच्या कचेरीत हे सगळे अहवाल वाचणारा एक चिटणीस होता. त्याचे नाव रूफस अँडरसन. तरुणपणी त्याला स्वतःला हिंदुस्थानात यावयाचे होते. पण मंडळाने त्याला कचेरीतच ठेवून घेतले, आणि १८३२ पासून १८६६ पर्यंत तो चिटणीसपदावर राहिला. १८५४ साली ऑगस्टस टॉमसन नावाच्या एका धर्मोपदेशकाला बरोबर घेऊन तो स्वतः पाहणीस निघाला. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. मुंबई, नगर, मग दक्षिणेकडे मदुरा, आणि सिंहलद्वीपातला जाफना असा तो प्रवास १८५५ पर्यंत चालला.

या प्रवासाचे मोल मला असे वाटते की, हा माणूस दुसऱ्यांना शिकवावयास आलेला नव्हता. आपले काय चुकले हे पाहावयास आला होता. आपल्याच संस्थेच्या चुका पाहण्यासाठी महिनोन्‌महिने बोटीत आणि बैलगाडीत घालविणारा चिटणीस मी तरी दुसरा पाहिला नाही. आमच्याकडे चिटणीस दौऱ्यावर निघाला की आधी कमानी उभारल्या जातात.

त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा. मोठमोठी ठाणी आणि त्यांतले बंगले हे काम नव्हे. खेड्याखेड्यांत लहान मंडळ्या उभ्या राहाव्यात आणि त्यांचा पाळक तेथलाच असावा. त्याचा पगार हळूहळू त्या मंडळीनेच द्यावा, कारभार तिनेच करावा, आणि पुढचा प्रसारही तिनेच करावा. स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च, स्वतःचा प्रसार अशी ही त्रिसूत्री. इंग्लंडातल्या चर्च मिशनरी सोसायटीचा चिटणीस हेन्री व्हेन हाही त्याच काळात याच निर्णयावर आला होता. योगायोग असा की, दोघांचाही जन्म १७९६ सालचा. दोघांचे म्हणणे एकच: मिशन हे इमारतीच्या बांधकामासाठी बांधलेल्या परांचीसारखे आहे, आणि इमारत उभी राहिल्यावर परांची सोडली नाही तर ती अडचणच होते. परांचीची उपमा माझी आहे, आशय त्यांचा. १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा महाराष्ट्रीयांना पाळकाची दीक्षा मिळाली, ती याच विचाराच्या वाऱ्यात.

श्रोतेहो, हे मी वाचले ते कोठे आणि कोणत्या स्थितीत, ते सांगितल्यावाचून त्याचा अर्थ उलगडणार नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका गावात बिडी कामगार बायकांची युनियन बांधली. हजार बिड्यांमागे मजुरी ठरलेली. त्यातही कारखान्याचा माणूस शेकड्याने बिड्या खराब म्हणून बाजूला काढी आणि त्यांचे पैसे देत नसे, पान कमी देई, सूत कमी देई. आठ महिन्यांत आम्ही मजुरी वाढवून घेतली, पानाचे वजन बायकांसमोर होऊ लागले. माझा जयजयकार झाला. पावतीपुस्तक माझ्या पिशवीत, हिशेब माझ्या वहीत, अर्ज माझ्या हातचे, आणि कामगार अधिकाऱ्यासमोर बोलणाराही मीच. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष काम करणारे असावेत असे कलम होते. त्याप्रमाणे निम्म्या बायकांची नावे आम्ही कागदावर घातली होती. कायदा पाळला होता, कायद्याचा हेतू पाळला नव्हता.

मग एका पावसाळ्यात माझी मोटारसायकल घसरली आणि मांडीचे हाड मोडले. सात महिने मी अंथरुणावर होतो. उठून काठी टेकीत गावात गेलो तो युनियन उरलीच नव्हती. वर्गणी थांबलेली, पानाचे वजन पुन्हा पडद्याआड गेलेले, आणि बारा बायकांना काम बंद झालेले. मी संतापून म्हणालो, "अहो, तुम्ही तीनशे जणी. एकीलाही अर्ज लिहिता आला नाही?" त्यांतली एक वयस्क बाई, तिला सगळ्या मावशी म्हणत, शांतपणे म्हणाली, "भाऊ, पिशवी तुमच्यापाशी व्हती."

त्या सात महिन्यांत माझ्या उशाशी वाचनालयातली जी पुस्तके होती, त्यांत या मिशनच्या इतिहासाचे एक होते. तेव्हा ते मी वेळ घालविण्यासाठी वाचले होते. मावशीच्या त्या एका वाक्यानंतर ते पुन्हा काढून वाचले, आणि अँडरसन काय म्हणतो ते पहिल्यांदा कळले. नगरच्या मिशनरीची आणि माझी चूक एकच होती. पिशवी त्याच्यापाशी होती.

मी त्रिसूत्रीने भारावून गेलो. गावात सभा बोलावली, अर्धा तास भाषण केले की, आजपासून युनियन तुमची, मी राजीनामा देतो, या या तिघी पदाधिकारी, हा हिशेब, हे पावतीपुस्तक. मला वाटले टाळ्या पडतील. कोणी काही बोलले नाही. सभा संपल्यावर मावशी जवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी आलात तवा आमाला इचारलं नाय. चाललात तवाबी इचारलं नाय."

हा माझा दुसरा धडा, आणि तो पहिल्यापेक्षा कठीण आहे. योग असा की, अँडरसनच्याच प्रवासात याही धड्याचे उदाहरण सापडते.

त्याचे असे ठाम मत होते की, मिशनने इंग्रजी शाळांवर पैसा घालवू नये. इंग्रजी शिकलेला मुलगा खेड्यात पाळक होऊन राहत नाही, सरकारी कचेरीत चाकरी धरतो. शिक्षण स्वभाषेतच द्यावे. ऐकावयास हे किती गोड आहे! स्वभाषेचा अभिमान आपल्याला आहेच. परंतु या मताची अंमलबजावणी कशी झाली ते पाहा. जाफन्याजवळ वट्टुकोट्टै येथे, मिशनऱ्यांच्या उच्चारात बॅटिकोटा येथे, १८२३ पासून एक विद्यालय चालू होते. त्यात इंग्रजी, गणित, शास्त्रे आणि तमिळ असे सगळेच शिकवीत. पाहणीनंतर १८५५ साली ते बंद करण्यात आले. निर्णय शिष्टमंडळाच्या आणि मिशनऱ्यांच्या बैठकीतला. ज्यांची मुले त्या बाकांवर बसत होती, त्यांच्या मतावर तो अवलंबून नव्हता. लोकांना तो मानवला नाही. अमेरिकेतही गवगवा झाला. शिष्टमंडळाने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन कामे केली की काय, याच्या विचारासाठी १८५६ साली ऑल्बनी येथे मंडळाची खास सभा भरवावी लागली.

आणि काळाने उत्तर काय दिले? नव्याने निघालेल्या मद्रास विद्यापीठाचे पहिले दोन पदवीधर, विश्वनाथ पिळ्ळै आणि दामोदरम् पिळ्ळै, हे त्याच बंद पडलेल्या विद्यालयाचे जुने विद्यार्थी निघाले. यांतल्या दामोदरम् पिळ्ळै यांनी पुढे वाळवीने खाल्लेली ताडपत्रे गोळा करून प्राचीन तमिळ ग्रंथ शुद्ध करून छापले. इंग्रजी शिकला की माणूस स्वभाषेला पारखा होतो, हा चिटणिसाचा हिशेब निदान या एका माणसाने तरी खोटा पाडला. १८७२ साली जाफन्यात पुन्हा महाविद्यालय उभे राहिले, आणि त्यासाठी तेथल्या लोकांनीच नेट लावला.

पाहा कशी गंमत आहे. "तुमचा कारभार तुम्ही करा" हे सांगणारा माणूस "पण काय शिकावयाचे ते मी ठरवितो" असेही त्याच दमात सांगत होता. स्वावलंबनाचा हुकूम काढता येत नाही. हुकूम आला की स्वावलंबन गेलेच. अँडरसनचे विचार खरे होते, नियत चांगली होती, कष्ट अपार होते. तरी ज्यांच्यासाठी हे सारे करावयाचे त्यांना विचारावयाचे तेवढे राहून गेले. मी हे त्याला हिणविण्यासाठी सांगत नाही. मावशीने मला जे ऐकविले ते मी त्याच्या शेजारी बसून ऐकतो आहे, असेच मला वाटते.

मग लोकांना खरोखर काय मिळाले? माझ्या मते, देणाऱ्याने जे नेमून दिले ते नव्हे, तर घेणाऱ्याने स्वतः उचलून नेले ते. जोतीराव फुले यांनी नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. त्यांनी शाळा उचलली, दीक्षा उचलली नाही. मुंबईच्या मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली जावजी दादाजी नावाच्या गरीब मुलाने अक्षरांचे काम शिकून घेतले, आणि पुढे १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. मिशनच्या कारखान्यात शिकलेल्या हाताने पाडलेल्या टाइपांत आपले संस्कृत ग्रंथ देशभर गेले! हॉल किंवा न्यूएल यांच्या स्वप्नात तरी हे आले असेल काय? विद्या एकदा दिली की तिच्यावर देणाऱ्याची मालकी राहत नाही, हाच तिचा मोठेपणा.

आणि मिशनच्या आतले उदाहरण हवे असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घ्या. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नगरला मिशनमध्ये काम केले. ख्रिस्त त्यांनी अभंगात आणि भजनात आणला, टाळ-वीण्यावर आणला. कोणत्याही चिटणिसाने तसे करण्याचा ठराव केलेला नव्हता. अखेर १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारला. १९१९ साली ते गेले. अँडरसनने ज्याची आखणी केली होती ते टिळकांत उतरले, पण ते बोस्टनच्या आखणीतून नव्हे, टिळकांच्या स्वतःच्या पोटातून आले.

आजही अमेरिकेतल्या चर्चांमधून तरुणांचे जथे आठ-पंधरा दिवसांसाठी परदेशी सेवेला जातात, भिंती रंगवितात, मुलांबरोबर खेळतात आणि परत जातात. आपल्याकडचे तरुणही सुट्टीत आदिवासी पाड्यांवर जातात, तेही आता अंगवळणी पडले आहे. जाऊ नये असे मी म्हणणार नाही. घराबाहेर पडल्याखेरीज डोळे उघडत नाहीत. परंतु हॉल तेरा वर्षे राहिला, भाषा शिकला, येथल्या मातीत मिळाला, आणि तरीही त्याच्या मंडळाला चाळीस वर्षांनी "आपले काय चुकले" हे पाहण्यासाठी माणूस पाठवावा लागला. आठ दिवसांत आपले काहीच चुकले नाही असे ज्याला वाटते, त्याने निदान एवढे ध्यानात ठेवावे. जाताना तीन प्रश्न गाठीशी बांधावेत. मला बोलावले कोणी? पिशवी कोणापाशी आहे? आणि मी उठून गेल्यावर येथे काय चालू राहील? तिन्हींची उत्तरे आपण देऊ नयेत. ज्यांच्या ओसरीवर आपण बसलो आहोत, त्यांनाच ती विचारावीत.

माझ्या गावाची गोष्ट अर्धवट सोडली, ती पुरी करतो. मावशीच्या बोलण्यानंतर मी राजीनामा खिशात घातला आणि जमिनीवर बसून विचारले, "मग काय करू?" दोन तास चर्चा झाली. मी नेमलेल्या तिघींपैकी दोघींना त्यांनी बदलले. मी एक वर्ष यावे, पण फक्त अमावास्येला, म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, आणि बोलावल्याखेरीज अधिकाऱ्यासमोर बोलू नये, असे ठरले. पहिल्या वाटाघाटीत त्या बायका मजुरीत मी मिळविली असती त्यापेक्षा चार आणे कमी घेऊन आल्या. मला वाईट वाटले. पण पानाचे वजन पुन्हा उजेडात आले, ते पुढे माझ्यावाचून तसेच राहिले, आणि ज्या बारा जणींचे काम गेले होते त्यांतल्या नऊ जणी परत घेतल्या गेल्या. उरलेल्या तिघींचे ओझे माझ्या अंगावर आहे, ते मी कोणावर टाकीत नाही.

मावशी आता नाही. गेल्या वर्षी मी त्या गावावरून जात होतो. सभा चालू होती. दारातल्या एका तरुण मुलीने मला विचारले, "काका, कोण पाहिजे तुम्हाला?" तिला मी कोण ते ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "कोणी नाही, सहज आलो होतो." बाहेरच्या ओट्यावर घटकाभर बसलो, आतले बोलणे ऐकले, आणि चहा यायच्या आत उठलो.